गुडघा पुढं करा

"गुडघा पुढं करा."

आमच्या मास्तरांशी तुमची ओळख झाली असती, तर त्यांच्या तोंडून तुम्ही पहिलं वाक्य हेच ऐकलं असतं. नमस्कार नाही, गाव कुठलं नाही, चहाचं तर नावच नको. ते तुम्हाला आपल्या उंच खुर्चीत बसवणार, तुमचे पाय जमिनीला टेकत नाहीत ना हे वाकून बघणार, आणि मागावरचा एक जुना, झिजून गुळगुळीत झालेला लाकडी धोटा घेऊन गुडघ्याच्या वाटीखाली टक्कन मारणार. तुमचा पाय तुम्हाला न विचारता पुढे उडणार.

"तुमी उचलला?"

"नाही हो."

"मग कुनी उचलला?"

याचं उत्तर आमच्या पेठेत कुणाकडेच नव्हतं, आणि त्यामुळे मास्तरांचा दिवस फार आनंदात जाई.

मिलच्या भोंग्यावर सगळं सोलापूर उठत-बसत होतं त्या काळातली ही गोष्ट. साखर पेठेत आमचं घर होतं आणि खाली अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भुसाराचं दुकान. देवापुढे कानडी, गिऱ्हाइकापुढे मराठी आणि शेजारच्या विणकरांशी भांडायचं झालं तर तेलुगू, अशी आमच्या घरात भाषांची वाटणी होती. मास्तर समोरच्या खोलीत भाड्याने राहत. मूळचे मंगळवेढ्याचे, हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. एरवी पुस्तकी बोलत, पण गुडघा उडाला की मंगळवेढा जागं होई. तो धोटा त्यांना शेजारच्या विणकरानेच दिला होता, "ह्याच्यानं आता कापड निघत नाही, तुमचं काय निघतंय बघा" असं म्हणून.

त्या धोट्यातून कोण सुटलं म्हणता? पोस्टमन सुटला नाही. घरी पाद्यपूजेला आलेले स्वामी सुटले नाहीत. त्यांच्या पायाने तीर्थाचा तांब्या उडाला तो थेट चुलीत. एकदा शाळातपासणीला आलेले साहेब वर्गात खुर्चीवर पाय हलवत बसले होते. मास्तरांना राहवलं नाही. साहेबांच्या पायाने टेबल हललं, दौत कलंडली आणि अर्धा शेरा शाईत बुडाला. उरलेल्या अर्ध्यात साहेबांनी लिहिलं, "शिक्षक उत्साही आहेत. आवरावे." मास्तर हा शेरा प्रशस्तिपत्रक असल्यासारखा सगळ्यांना सांगत.

आता तुम्हाला आमच्या घरचा रोग सांगायला हवा, कारण मास्तरांचा खरा जीव त्याच्यात अडकला होता. आम्हाला हसू येतं. सगळ्यांनाच येतं, हे मला कळतं. पण आम्हाला ते नको तिथे येतं. आजोबांच्या लग्नात त्यांचं बाशिंग डोळ्यांवर घसरलं आणि ते अक्षता संपेपर्यंत हसत राहिले. अज्जी, म्हणजे माझी आजी, सांगायची की ती आजोबांच्या आत्याचीच मुलगी. म्हणजे दोन्हीकडून हसणं. कीर्तन असो, पूजा असो, कुणाच्या घरी दुखवट्याला जायचं असो, बाहेर पडताना अव्वा, म्हणजे माझी आई, आम्हाला ओळीने उभं करून एकच शब्द सांगायची, "नगबेड!" हसू नका. आणि तो शब्द ऐकूनच पहिली खुसखुस सुरू व्हायची.

ह्या हसण्याने माझ्या आत्याचा संसार गेला. लग्नाला चार महिने झाले होते. सासरी दुखवटा होता, बायका रडत होत्या, आणि रडता रडता एकीची नथ पुढ्यातल्या दह्याच्या वाडग्यात पडली. झालं. तिला आवरेना. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिला बैलगाडीत घालून आमच्या दारात आणून सोडलं आणि चारचौघांत सांगितलं, "ह्या घराच्या रक्तातच वेड हाय." तेव्हापासून आत्या आमच्याकडेच होती. भाकऱ्या थापायची, मला वेणी घालायची, आणि अजूनही हसायची. पण हसून झालं की एकदम भिंतीकडे तोंड करायची.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा माझी दोन स्थळं मोडली होती. वैरागचे लोक बघायला आले, त्यांचा मामा शिंकला आणि त्याची टोपी गुळाच्या ताटात पडली. दुसऱ्या स्थळाच्या वेळी तर काहीही पडलं नाही, काही पडेल या धास्तीनेच मी हसले. "हिचं बी आत्यासारखंच होनार," असं पेठेत बोललं जाऊ लागलं. अप्पा दुकान बंद केल्यावरही उशिरापर्यंत खालीच बसायला लागले. मी वरून हसत होते, पण आत्याने भिंतीकडे तोंड केलं की उठून बाहेर जायचे.

मास्तरांनी हे सगळं समोरच्या दारात बसून पाहिलेलं. ते रोज सकाळी त्या दारात बसून सुईत दोरा ओवायचे. शिवत काहीच नसत. दोरा ओवला गेला की सुई परत डबीत. एके दिवशी आत्याने विचारलंच, "मास्तर, रोज काय करायलाय हो?"

"वडील शिंपी होते माझे," मास्तर म्हणाले. "त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांची सुई चुकली. मग हात थरथरायला लागला तो मरेपर्यंत. थोरल्या भावाचंही तसंच झालं. मी पस्तिशीत आहे. रोज बघून घेतो, आलं का ते."

"म्हनून तुमी लगीन न्हाय केलं?"

मास्तर हसले. "माझ्या रक्तात काय आहे ते मलाच अजून ठाऊक नाही. दुसऱ्याच्या पदरात कसं घालू?"

त्या दिवशी आत्याने त्यांच्याकडे दोन भाकऱ्या आणि शेंगाची चटणी पाठवली. ती पुढे रोजच जाऊ लागली.

वाचनालयात इंग्रजी मासिकं येत. त्यातल्या एकात मास्तरांना एक परदेशी कुत्रा सापडला. घंटा वाजवायची आणि खायला द्यायचं, असं खूप दिवस केलं की नुसत्या घंटेनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मास्तर ते वाचून धावत घरी आले, चप्पल वाचनालयातच विसरून. "अहो, हे तर आपल्याकडे रोज चाललंय! दुपारचा भोंगा झाला की सगळ्या गावाला भूक लागते. संपात भोंगा बंद होता तेव्हा तुम्ही किती वाजता जेवलात?"

शेजारचा विणकर विचार करून म्हणाला, "तीन वाजले. आठवलंच न्हाय."

"बघा!" मास्तर म्हणाले, आणि आनंदाच्या भरात त्याचा गुडघा मागितला.

म्हणजे त्यांचा हिशेब असा, की माणसात थोडं रक्त बोलतं, थोडं वळण बोलतं, आणि ह्या दोघांचे निरोप पोचवत मज्जातंतू दिवसभर धावत असतात. रक्त आपल्याला बदलता येत नाही. वळण येतं. तेवढ्यात मैंदर्गीहून माझ्यासाठी तिसरं स्थळ आलं. बघायला यायला तीन आठवडे होते. मास्तर अप्पांकडे आले आणि म्हणाले, "पोरगी माझ्या ताब्यात द्या. हसणं रक्तातलं असेल, पण मी त्याच्यावर वळण चढवतो."

अप्पांना बुडत्याला काडीचा आधार मिळाला. हो म्हणाले.

मास्तरांनी शेळीच्या गळ्यातली एक छोटी पितळी घंटी आणली. दिवसातून तीनदा मला त्या उंच खुर्चीत बसवायचं, घंटी वाजवायची आणि लगेच कडुलिंबाची चार कोवळी पानं तोंडात चावायला लावायची. तोंड असं वाकडं व्हायचं की काय सांगू! आठ दिवसांत नुसती घंटी वाजली तरी जिभेवर कडू यायला लागलं, ओठ आवळले जायचे, हसायचं म्हटलं तरी चेहरा हलायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी माझ्यासमोर चालत्या बैलाची नक्कल केली, अप्पांचा पटका स्वतःच्या डोक्यावर उलटा घातला, काय काय केलं, आणि घंटी वाजवली. मी दगडासारखी बसले. मास्तरांनी उडी मारली. "वळण जिंकलं की! लई भारी!"

एक गोष्ट मात्र त्या एवढ्या हुशार माणसाच्या ध्यानात आली नाही. ह्या तिन्ही वेळा माझा चेहरा बघायला सगळं घर सोप्यात जमत असे. घंटी वाजायची, माझं तोंड वाकडं व्हायचं, आणि अज्जी पदर तोंडात कोंबून हसायची. आत्या खांबाला धरून हसायची. अप्पा दुकान टाकून वर येऊन हसायचे. तीन आठवडे, दिवसातून तीनदा. तुम्हाला कळलं ना पुढे काय होणार ते? आम्हाला नाही कळलं.

मैंदर्गीची मंडळी आली. मुलाच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्यांना सगळे मालक म्हणत. बुटके, कपाळभर विभूती, मिशा आकडेबाज आणि चेहरा असा की सोप्यातली हवा गार पडली. आमच्याकडे खुर्ची नव्हती, मानाच्या पाहुण्याला जाजमावर कसं बसवायचं, म्हणून मास्तरांचीच खुर्ची मागून आणली होती. मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून बसला. मास्तर ठरल्याप्रमाणे जिन्याच्या आडोशाला घंटी घेऊन उभे राहिले.

मी पाया पडले, पाटावर बसले. नाव सांगितलं. मालक म्हणाले, "एखादं वचन म्हन बघू, पोरी." मी डोळे मिटून देवापुढे म्हणतो त्यातलंच एक कानडी वचन सुरू केलं, आणि डोळे उघडले तेव्हा समोर मालकांचे दोन पाय होते. जमिनीपासून वीतभर वर लोंबकळणारे. त्या उंच खुर्चीत, अगदी धोट्याची वाट बघत असल्यासारखे. माझ्या पोटातून ते वर यायला लागलं. आवाज कापला. अव्वाचे ओठ हलले, "नगबेड."

जिन्याआडून घंटी वाजली.

मी शपथेवर सांगते, माझ्या तोंडात कडू आलं. हसू जागच्या जागी मेलं. मी वचन शेवटपर्यंत म्हटलं. पण पहिल्या किणकिणीलाच अज्जीचा पदर तोंडात गेला होता. मग आत्या. मग अप्पांनी खोकल्याचं सोंग केलं आणि त्या खोकल्यातून असा काही आवाज निघाला की अव्वासुद्धा फिसकली. ती तर बाहेरून आलेली, तिचं रक्तही आमचं नव्हतं! मास्तरांना वाटलं मीच हसते आहे, म्हणून ते आणखी जोरात घंटी वाजवत सुटले. जितकी घंटी, तितकं हसणं. आणि मधोमध मी, कडुलिंब खाल्ल्यासारखी गंभीर.

मालकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मग मुलाकडे वळून म्हणाले, "सगळं घर येडं हाय. पर पोरगी तेवढी शानी दिसती. आपल्याला पोरगीच न्यायची हाय. मला पसंत हाय."

अप्पांचं हसू थांबलं. त्यांचे डोळे भरून आले. जमलं होतं! माझ्या तोंडात मात्र अजून कडू होतं, आणि मनात एकच येत होतं की तिथे घंटी कोण वाजवणार.

तेव्हा आत्या खांबापासून पुढे आली. हसता हसता तिचे डोळे ओले झाले होते, ते तिने पुसले. म्हणाली, "मालक, ही पोरगी माझ्यापरीस जास्त हसती. आत्ता हसली न्हाय ते ह्या घंटीनं. न्यायची आसंल तर हसनारी म्हनून न्या. फसून नेऊ नका. चार महिन्यांनी गाडीत घालून परत आनून सोडाल, तर त्यापरीस आत्ताच नको म्हना."

अप्पा हतबुद्ध झाले. मी आत्याकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात कुणी माझ्यासाठी इतकं मोठं काही केलेलं नाही.

"म्हंजे रक्तातच हाय म्हना की," मालक म्हणाले आणि उठायला लागले.

"बसा!" जिन्याआडून मास्तर धावत बाहेर आले. एका हातात घंटी, दुसऱ्या हातात धोटा. "मालक, एक मिनिट. गुडघा पुढं करा."

"कशाला?"

विचारेपर्यंत टक्क झालं होतं. मालकांचा पाय उडाला आणि समोरचं चुरमुऱ्याचं ताट सोपाभर पसरलं.

"एनप्पा इदू!" हे काय रे बाबा, असं मालक स्वतःच्या पायाकडे बघत कानडीत ओरडले.

"तुमी उचलला?"

"न्हाय की!"

"मग कुनी उचलला?" मास्तर खाली चुरमुऱ्यातच बसले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमी ठरवून लाथ मारली न्हाय, मालक. आमचा अपमान करायचा तुमचा इचार न्हवता. मज्जातंतूनं केलं ते. ह्या पोरीचं बी तसंच हाय. ती हसत न्हाय, तिला हसू येतं. तुमच्या पायाला तुमी येडा म्हनाल का?"

मालकांनी परत एकदा पायाकडे बघितलं. मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी हळूच दुसरा पाय पुढे केला. "ह्याचं बी बघा बरं."

टक्क. पाय उडाला.

"परत मारा."

चौथ्यांदा पाय उडाला तेव्हा कोपऱ्यातून एक विचित्र आवाज आला. मान खाली घालून बसलेला मुलगा हसत होता. खांदे उडत होते, नाकातून शिट्टी वाजत होती. ते हसणं ऐकून माझ्या तोंडातलं सगळं कडू कुठल्या कुठे गेलं, आणि मी अशी हसले की पाटावरून घसरले. मालक एकदा मुलाकडे, एकदा माझ्याकडे बघत म्हणाले, "हे आमच्या घरात बी हाय म्हना की! मला आज कळलं." आणि अप्पांकडे वळून, "तारीख काढा. आन मास्तर, तुमी मैंदर्गीला या. आमच्या म्हातारीचा गुडघा बघायचाय."

मास्तर लग्नाला आले, म्हातारीचा गुडघा पाहिला, आणि वरातीतल्या घोड्यापाशी धोटा घेऊन जाताना त्यांना चौघांनी धरून आणलं.

माझ्या संसाराचं सांगत नाही, तो हसण्यात गेला. मास्तरांची शेवटची भेट सांगते. लग्नानंतर आठेक वर्षांनी धाकट्या मुलीला घेऊन मी माहेरी आले होते. मास्तरांची शाळा सुटली होती. खडू फळ्यावर टिकत नव्हता. समोरच्या दारात ते बसलेले होते आणि त्यांच्या शेजारी आत्या होती. सुईत दोरा आत्या ओवत होती.

"रोज कशाला ओवायचा आता?" मी विचारलं.

"सवय," आत्या म्हणाली. "न्हाय ओवला तर ह्यांना चैन पडत न्हाय."

मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. त्यांनी माझा गुडघा मागितला नाही. ते मला सहन होईना. मी आत जाऊन ती उंच खुर्ची ओढत आणली, दहा महिन्यांच्या माझ्या पोरीला तिच्यात बसवलं आणि म्हटलं, "मास्तर, गुडघा पुढं केलाय."

ते हसले. मान हलवून धोटा नको म्हणाले. मग खुंटीवरची घंटी काढायला त्यांनी मांडीखालून उजवा हात काढला. हात घंटीपर्यंत पोचायच्या आत थरथरत होता. त्यांनी घंटी धरली आणि ती वाजायला लागली. ती थांबेचना.

माझ्या तोंडात तत्क्षणी कडुलिंब आला. चेहरा वाकडा झाला. आत्याने खांब धरला आणि ती हसायला लागली. आणि माझी पोर, जिने ही घंटी जन्मात ऐकली नव्हती, तिने आमच्याकडे बघितलं, घंटीकडे बघितलं, आणि दोन दात दाखवून खदखदून हसत सुटली.

"हिला तर मी कायबी शिकवलं न्हवतं!" मास्तर ओरडले. त्यांचे डोळे चमकत होते. हात आणखी थरथरला, घंटी आणखी वाजली, पोर आणखी हसली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंड कडूच्या कडू.

"बास की आता, मास्तर," आत्या हसता हसता म्हणाली. "किती वाजवायलाय!"

मास्तरांनी हातातल्या घंटीकडे बघितलं, मग आत्याकडे.

"मी कुटं वाजवायलोय?" ते म्हणाले, आणि खुर्चीच्या पायाला धरून आमच्यापेक्षाही जास्त हसायला लागले.